बरणीतलं शेण अन् मडक्यातला वाघ

मी मडक्यातून वाघ काढतो. कोरडं रिकामं मडकं घ्याचं, त्याच्यात तोंड खुपसाचं अन् पोटाच्या बुडापासून आवाज सोडाचा. मडकं थो आवाज आतल्या आत घोळवते, जाडा करते अन् बाहीर फेकते. मग वर्गातले लेकरं एकमेकाच्या मांडीवर चढतात, व्हरांड्यातलं कुत्रं शेपूट घालून निंघून जाते, अन् मास्तर लोक हासत हासत खुर्चीचा हात घट्ट धरतात. खरा वाघ असाच वरडते का, हे मले इचारू नका. खरा वाघ मी अजून पाह्यला नाही. मोबाईलवर पाह्यला, अन् थो बी नेटवर्क होतं तेवढाच.

याच मडक्याच्या भरवशावर मले नोकरी लागली. अदिलाबादेत एक संस्था हाय, जंगल अन् जनावरं वाचवाचं काम करते. पैनगंगेच्या अलीकडच्या, म्हणजे तेलंगणातल्या, गावात अशा शाळा हायत का जिथं लेकरं घरी मराठी बोलतात अन् फळ्यावर तेलुगु वाचतात. तिथं जाऊन सांगाचं का वाघ दिसला तं काय करा, साप दिसला तं काय करू नका, अन् डुकरापायी वावराच्या तारेत करंट काऊन सोडू नये. मले मराठी येते, तेलुगु येते, अन् वरून आवाज येतात. शाळेत असताना एचएम सारची, म्हणजे हेडमास्तरची, नक्कल केली म्हणून मी छड्या खाल्ल्या. इचोड्याच्या ढाब्यावर ट्रकवाल्याईच्या नकला करून फुकट चहा प्यालो. आता त्याच तोंडाचा पगार भेटे. घरचे म्हणे, "पाह्य, देवानं कोणाले उपाशी नाही ठेवलं."

संस्थेची मोठी म्हणजे आमची तायी. नागपूरकडची, बोलणं साफ, अन् नजर अशी का खोटं बोलाच्या आधीच पकडते. तायी माह्यावर खुश होती. दसऱ्यापर्यंत सारं बरं चाललं होतं.

दसऱ्यानंतर थो आला.

निर्मलकडचा तेलुगु पोट्टा, माह्याच वयाचा, बासरच्या कॉलेजात शिकेल. अंगानं काडी, डोळ्याले जाड चष्मा, मराठी मूठभर. मले पाह्यल्या पाह्यल्या हात जोडून "अन्ना, नमस्ते" म्हणे. मी बी खुश झालो. म्हणलं, चला, आपल्या मागं मडकं उचलाले माणूस भेटला. पण त्याच्या संगं एक पत्र्याची पेटी होती, अन् थो पेटी कोणाले उचलू दे ना.

पयल्याच शाळेत कळलं पेटीत काय हाय. मी आपला पुरा खेळ करून बसलो होतो. मोर झाला, कोल्हा झाला, वाघ झाला, लेकराईनं टाळ्या देल्या. मग थो उठला, पेटी उघडली अन् टेबलावर लोणच्याच्या जुन्या बरण्या मांडल्या. एकीत काळ्या काळ्या गोळ्या. एकीत वाळेल चिखलाचा गोळा, त्याच्यात बिया. एकीत पांढरं काही, त्याच्यात केसं.

"सार, हे काय व्हय?"

"तुमी सांगा," थो म्हणे.

एका पोट्ट्यानं झाकण उघडून नाक लावलं. "शेण व्हय रे!"

"कोणाचं?"

बस. अख्खा वर्ग टेबलावर आला.

"बकरीच्या लेंड्या हायत सार."

"हट्, बकरीच्या एवढ्या मोठ्या राह्यतात का? तुह्या बकरीनं का बैल खाल्ला?"

"रोह्याच्या हायत, नीलगाईच्या. आमच्या तुरीत रोज राह्यतात."

"रोज?" त्यानं चष्मा वर केला. "एकाच... जागेला?"

"हो सार. रोही तिथंच येऊन बसते. त्याचं संडास हाय ना थे!"

वर्ग हासून हासून वाकडा झाला. थो बी हासला, अन् मग त्या पोट्ट्याच्या पाठीवर अशी थाप मारली का जसं त्यानं चंद्रावर पाय ठेवला. "करेक्ट! एकाच जागेला करते. तू कसं पाह्यलं? सांग सर्वाला."

अन् थे पोट्टं फळ्याजवळ उभं राहून सांगाले लागलं. मी मागच्या बाकावर, मांडीवर मडकं घेऊन. आता तुमीच सांगा, माणसाचा जीव जळीन का नाही? मी महिने महिने घसा सोलला, तोंडात माती गेली, अन् इथं लोक शेणापायी मले इसरले.

त्या दिवसापासून माह्या पोटात मिरची पडली ते पडलीच. त्याचं सगळंच मले टोचे. थो लेकराईले नाव इचारे अन् पुढच्या वेळी थे नाव त्याच्या ध्यानात राहे. मराठी चुके तवा लाजत नसे, लेकराईलेच इचारे, "बरोबर कसं?" अन् लेकरं त्याले अशा हौसेनं शिकवत का जसं त्याईच्याच घरचं कोकरू चालाले शिकून राह्यलं. मले कोणी काही शिकवलं नाही. मले सारं येतच होतं ना.

करंटचा धडा माह्या हक्काचा होता. डुकरासाठी तारेत सोडेल करंट माणसाले कसा धरते, याची नक्कल मी अशी करे का केस उभे, डोळे वर, जीभ बाहीर, हातपाय थरथर. लेकरं जमिनीवर लोळत. एका शाळेत मी असाच मरून पडलो होतो, अन् सारे हासून राह्यले होते, तवा त्यानं मधातच पयल्या बाकावरच्या एका पोट्टीले इचारलं, "तू काऊन हासून नाही राह्यली?"

'काऊन' म्हणे! आमचा शब्द बी उचलला त्यानं.

पोट्टी खाली मान घालून म्हणे, "आमचे बाबा लावतात रातच्याले."

मी जमिनीवर मरेलच होतो. उठू का पडून राहू, समजे ना. थो तिच्याजवळ उकिडवा बसला. रागावला नाही, कायदा सांगतला नाही. फक्त इचारलं, "सकाळी वावरात पयले कोण जाते?"

"माय."

पोट्टीनं मान वर केली अन् म्हणे, "मी सांगतो बाबाले." मी कपडे झटकत उठलो. इतक्या शाळांत मी मेलो, पण मले एका बी लेकरानं सांगतलं नव्हतं का आमच्या वावरात करंट हाय.

मग मी माह्यावालं हत्यार काढलं. पुढच्या शाळेत थो एचएमकडं सही घ्याले गेला तवा मी वर्गात त्याचीच नक्कल केली. चष्मा वर करणं, पेटीवर हात ठेवणं, "तुमीऽ सांगाऽ." हुबेहूब काढला. कोणी हासलं नाही. एक शेंबडं पोट्टं म्हणे, "भाऊ, सारले चिडवू नका ना."

थो सार. मी भाऊ. मडकं तिथंच फुटलं असतं तं बरं झालं असतं.

पेटल्यावर तेल म्हणजे तायीची मीटिंग. डिसेंबरात तिनं दोघाईले बसवलं अन् म्हणे, "संक्रांतीनंतर सीमेवरच्या शाळा एकानंच पाहायच्या. एकाच माणसाचा चेहरा लेकरांना ओळखीचा हवा. दुसरा ऑफिसात बसेल, कॅमेऱ्यातले फोटो निवडेल. शेवटची शाळा राहिली आहे, ती पाहते आणि सांगते."

कॅमेऱ्यातले फोटो म्हणजे जंगलात झाडाले बांधेल कॅमेरे. वाघाच्या आशेनं लावाचे अन् त्याच्यात गाई, गुराखी अन् हवेनं हालेल गवत पाहत बसाचं. त्या खोलीत माह्यासारखा माणूस दोन दिवसात भिंतीशी बोलाले लागला असता. पण गोठ तेवढीच नव्हती. शेवटची शाळा कोणती? माही. माह्या गावची. जिथं मी छड्या खाल्ल्या, तिथं मले एकदा 'सार' म्हणवून घ्याचं होतं. बाकी शाळा गेल्या खड्ड्यात, ही मी सोडणार नव्हतो. मनातल्या मनात मी त्या पेटीले म्हणलं, "ये बेट्या माह्या गावात."

आमच्या शाळेच्या मागच्या भिंतीले लागूनच पराटीचं वावर हाय. वेचणीचे दिवस होते. पाठीमागं पांढरं रान अन् त्याच्यात बाया, कमरेले कापसाच्या ओट्या बांधेल, वाकलेल्या. आमच्याकडं वेचणीले एक रीत हाय. पराटी माणसाएवढी राह्यते, वाकलं का शेजारची दिसत नाही. म्हणून कडेची बाई मधातमधात आरोळी देते, "हूऽऽ", अन् बाकीच्या एकीमागून एक तिले "हूऽऽ" देतात. सगळ्याईची आली का पुन्हा वेचणं चालू. लहानपणी शाळेत पाढे म्हणताना आमच्या कानावर तेच असे. त्या हप्त्यात तं आरोळ्या जरा जास्तच होत्या, कारण नाल्याच्या रेतीत पंजे उमटले होते. गावात वाघ कोणी म्हणत नव्हतं. 'थो मोठा' म्हणत.

एचएम सार तेच, केसं तेवढे पांढरे. मले पाहून त्याईचा ऊर भरून आला. तायीले म्हणे, "म्याडम, या पोट्ट्याले म्या स्वतः घडवला." मी म्हणलं, "हो सार, ठोकून ठोकून." लेकरं हासली. सुरुवात फस्क्लास झाली.

मी त्या दिवशी काहीच ठेवलं नाही. बस कंडक्टर काढला, कापसाचा व्यापारी काढला, एचएम सारसमोर एचएम सार काढला. सार स्वतः रुमाल तोंडाले लावून हासले. थो आपली पेटी पायाजवळ घेऊन बसला होता अन् तायीच्या बाजूनं टाळ्या वाजवत होता. मले त्या टाळ्याईचा बी राग आला. जळाले पाह्यजे होतं त्यानं, अन् थो खुश होऊन राह्यला.

"आता वाघ!" मी म्हणलं. अन् लक्षात आलं का मडकं ऑटोतच राह्यलं.

"मडकं पाह्यजे?" एचएम सार उठले. शाळेच्या पाण्याचं मडकं त्याईनं स्वतःच्या हातानं जास्वंदीच्या झाडात उपडं केलं, प्यांटीच्या खिशातल्या रुमालानं पुसलं अन् मले देलं. वरून म्हणे, "थांब. माईक लावतो. आपल्या शाळेचा पोट्टा हाय, गावाले बी ऐकू दे."

आता पाहा, चूक कोणाची? मडकं त्याईचं, माईक त्याईचा, छतावरचा भोंगा त्याईनंच पंधरा ऑगस्टले वावराकडं तोंड करून बसवेल. माह्यावाला फक्त आवाज होता.

मी मडक्यात तोंड घातलं. मडक्यापुढं माईक. अन् दसऱ्यापासूनची सारी जळजळ पोटातून वर आणली. असा वाघ मी ना आधी काढला ना मागून. भिंतीवरची पाल पडली खाली. पयलीतली दोन लेकरं रडाले लागली, बाकीच्याईनं किंकाळ्या मारल्या, मग हासणं, मग टाळ्या, मग "अजून, सार, अजून!"

सार! म्हणले मले सार. मी दुसऱ्यांदा मडक्यात तोंड घातलं.

तोंड बाहीर काढलं तवा काही तरी चुकेल वाटलं. टाळ्या होत्या, पण मागची आरोळी बंद होती. एक बी "हूऽऽ" नाही. वावर पुरं चूप.

मग पाय वाजले. मले वाटलं, बाया गावाकडं पळून राह्यल्या. गाव तिकडं, शाळा इकडं. पण पाय इकडंच येऊन राह्यले होते. मागच्या भिंतीच्या खिंडारातून सगळ्यात पुढं माही काकू शिरली, म्हणजे माह्या सख्ख्या चुलत्याची बायको. पायात चप्पल नाही, ओटी सुटेल, कापूस मागं सांडत येऊन राह्यलेला, हातात उपटेल पराटीचं झाड. तिच्यामागं बाकीच्या. एकीच्या हातात पाण्याचा डबा, एकीच्या हातात काहीच नाही, नुसत्या मुठी. वाघाचा आवाज शाळेतून आला, अन् लेकरं शाळेत होती, म्हणून वाघाच्या अंगावर चालून आल्या होत्या त्या, पराटीची काडी घेऊन.

"कुठं हाय थो? कुठं हाय?" काकू वरडली. मग तिनं मडकं पाह्यलं. मग मले पाह्यलं.

"मुडद्या, तू?"

"काकू, थे... लेकराईले वाघाची माहिती देऊन राह्यलो."

"माहिती? ये इकडं, तुले माह्या पायाची माहिती देतो!"

"काकू, माईक सारनं लावला."

एचएम सार झेंड्याच्या खांबाकडं असे पाहत होते जसा थो खांब आजच उगवला. एका बाईनं आपली पोट्टी ओढून घेतली अन् डोक्यापासून पायापर्यंत चाचपून पाह्यली, कान, मान, पाठ, जसं काही सांडलं तं नाही ना. पोट्टी म्हणे, "माय, खोटा वाघ होता." ती म्हणे, "चूप बस," अन् मग तिथंच मट्कन खाली बसली. पोट्टीचं मनगट काही हातातून सोडे ना.

त्या हातापुढं मले एक बी नक्कल सुचली नाही.

अन् याले काय सुचलं? हा उठला, अंगणात गेला अन् खाली सांडेल कापूस वेचाले लागला. काडीकचरा काढून एक एक पुंजका. त्याच्यामागं लेकरं, न सांगता. थोड्या वेळात अख्खी शाळा खिंडारापर्यंत वाकली होती अन् ओट्या भरून आणून बायाईले देत होती. आता इतकी साधी गोठ मले काऊन सुचू नाही? मी याच मातीतला, माह्या मायनं जनमभर लोकाईचा कापूस वेचला, अन् वेचणं सुचलं कोणाले, तं निर्मलच्या चष्म्याले! लाजेपेक्षा मले जळणंच जास्त झालं, खरं सांगतो.

"हा कोण व्हय?" काकूनं इचारलं.

"आमचा सार हाय," लेकरं म्हणे. सकाळी आला थो, अन् दुपारी 'आमचा'.

बाया व्हरांड्यात टेकल्या, पाणी प्याल्या. कोणीतरी बरण्या पाह्यल्या. काकूनं केसं असेल बरणी उचलली अन् लगेच ठेवून देली. "थ्या मोठ्याचं व्हय?" थो हो म्हणे. "मग इकडून गेलेला परत येते का थो? आमी वेचाले जावं का नाही?"

त्यानं उत्तर द्याले तोंड उघडलं अन् त्याची मूठभर मराठी संपली. घाईत तेलुगुच निंघाली. बायाईले थोडी समजली, थोडी नाही. "अन्ना," माह्याकडं पाहून म्हणे, "नुव्वु चेप्पु." तू सांग.

मी सांगतलं. थो एक वाक्य बोले, मी एक वाक्य बोलो. वाकून एकटीनं वेचू नका, वाकेल माणूस त्याले जनावरासारखं दिसते. पहाटं अन् सांजच्याले वावरात थांबू नका. आरोळी सोडू नका, आरोळी लय कामाची हाय, तुमी हायत हे त्याले कळते अन् थो आपल्या वाटेनं निंघून जाते. पंजे दिसले तं आमाले फोन करा. मी बोलत होतो अन् बोलता बोलता मले कळलं का मी त्याच्याच आवाजात बोलून राह्यलो. हळू, मधात थांबून, समोरच्याकडं पाहून. नक्कल कराची म्हणून नाही, शब्द त्याचे होते तं चाल बी त्याचीच आली. बाया ऐकत होत्या. माह्या गावात मले इतकं चूप बसून कोणीच कधी ऐकलं नव्हतं.

काकू उठताना म्हणे, "हे बरं सांगतलं." मग बोट दाखवून, "पण थे मडकं आता मले दिसलं तं तुह्या टाळक्यावर फोडीन."

ऑटोत तायी समोर बसली. मी पेटीच्या या बाजूनं, थो त्या बाजूनं. मग तायी म्हणे, "सीमेवरच्या शाळा हा पाहील. तू याच्यासोबत जाशील. याला बोलायला माणूस लागतो."

"अन् वाघ?"

"वाघ बंद. कोणत्याच शाळेत नाही. मडकं बंद."

"तायी, मडकं बंद तं मी कशाले?"

"मडकं बंद म्हटलं. तोंड बंद नाही म्हटलं."

ऑफिसातल्या खोलीतून वाचलो, पण शाळा त्याच्या झाल्या. थो बिचारा माह्याकडं पाहून म्हणे, "सॉरी अन्ना." त्यानं निदान आतून खुश व्हाले पाह्यजे होतं, म्हणजे मले त्याचा नीट राग करता आला असता. तेवढी सोय बी नाही देली.

संक्रांतीनंतर आमी दोघं निंघालो. पेटी त्याची, तोंड माह्यावालं. एका शाळेत थो वान्नेराची गोठ सांगून राह्यला होता. वान्नेर झाडावरून खाली पाहून खोकलल्यावाणी वरडलं का समजाचं, मोठा जवळ हाय, मागं फिराचं. लेकरं म्हणे, "कसं वरडते?" त्यानं माह्याकडं पाह्यलं. हे वाघ नव्हतं, हे चालत होतं. मी उठलो अन् वान्नेर काढलं. खक्, खक्, घशाच्या तळातून, अस्सल. लेकरं चूप बसून ऐकत राह्यली. चांगलं ऐकलं, मान हालवली. मी म्हणलं, जमलं.

मग एक पोट्टी म्हणे, "सार, आता तुमी करा."

त्यानं केलं. काय सांगू! कोंबडी अंड्यावरून उठली, तिले सर्दी झाली अन् वरून तिचा पाय कोणी तरी तुडवला, तसं काही तरी. वर्ग फुटला. लेकरं बाकाखाली गेली, एकाचं नाक वाहाले लागलं. ती पोट्टी उठून त्याच्यापुढं उभी राह्यली, "सार, तसं नाही, असं, घशातून," अन् तिनं करून दाखवलं. तिनं बरोबर काढलं. मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. शाळा सुटेपर्यंत अख्खा वर्ग अस्सल वान्नेर खोकलत होता, अन् थो तेवढा चुकून राह्यला होता.

मले आता संशय हाय का थो मुद्दाम चुकते. बसमधी इचारलं तं म्हणे, "नाही अन्ना, मला खरंच येत नाही." घरी येऊन मी आरशापुढं उभा राह्यलो अन् वान्नेर वाईट काढून पाह्यलं. पुन्हा पाह्यलं. मायनं आतून इचारलं, "काय झालं रे तुले?" काही नाही म्हणलं. दर खेपेले बरोबरच निंघे.